पियानोला सुतक नाही

"मॅडम, पाचच मिनिटं. तुम्हीच वाजवा ना हिच्याऐवजी." सलिलने दाराबाहेरूनच टॅब पुढे केला.

हेमाताईंनी त्याच्यामागे जिन्यात उभ्या असलेल्या त्याच्या लेकीकडे, वल्लरीकडे पाहिलं. चार दिवसांपूर्वी तिचे आजोबा गेले. घरात सुतक, म्हणून आजीने पियानो बंद ठेवलेला. पण टॅबवरच्या ॲपला सुतक कुठलं कळायला! रोज त्याच्यासमोर धून वाजवली की एक तारा, एक दिवस चुकला की आधीचे सगळे पुसले, आणि ज्याचे तारे नसतील तो वार्षिक कार्यक्रमातून बाद. मुलांना गोडी लागावी म्हणून क्लासच्या मालकांनी काढलेली शक्कल. गोडी कसली डोंबलाची!

"मग इतके दिवस?"

"शेजारची मुलगी आहे ना, कादंबरी, ती वाजवायची. आज ती वारज्याला मामाकडे गेलीय."

"वा! परीक्षा हिची आणि पेपर गावानं लिहायचा?"

सलिल ओशाळला. "बाबांची फार इच्छा होती हो, हिला स्टेजवर बघायची."

हेमाताईंचा राग विरला. आजोबा शिकवणीच्या दर तासाला दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. वल्लरीच्या धुनेत मध्ये एक लांब थांबा होता. संपलं समजून हे तिथंच टाळ्या वाजवायचे. "टाळ्या शेवटी हो, काका!" सांगून सांगून हेमाताईंचं तोंड दुखलं होतं.

"आत ये गं."

"आम्हाला सुतक आहे, मॅडम," सलिल चाचरला.

"तुम्हाला आहे. पियानोला नाही. आजीला काय सांगायचं ते मी सांगेन."

वल्लरी पियानोपाशी बसली. टॅब समोर ठेवला. सुरुवात अगदी बिनचूक झाली. मग तो थांबा आला आणि पोरीचे हात तिथंच राहिले. ती दाराजवळच्या खुर्चीकडे बघत होती. टॅबवर लाल अक्षरं लुकलुकायला लागली: वेळ चुकली, पुन्हा प्रयत्न करा.

"बेटा, तारा जाईल," सलिल दारातून पुटपुटला.

"जाऊ दे मेला," हेमाताई म्हणाल्या. "कार्यक्रमात ही वाजवणार. मालकांशी मी भांडते."

त्यांनी टॅब उचलून पालथा घातला. वल्लरी अजून तशीच बसली होती. तिची नजर त्या खुर्चीवरच होती.

हेमाताईंना राहवलं नाही. त्यांनी नको त्या जागी, धून अर्धी असताना, मोठ्यांदा टाळ्या वाजवल्या.

वल्लरीने बाहीला नाक पुसलं आणि पुढचं वाजवायला घेतलं.