शिवाच्या अंगठ्याचा डाग

मी एक कागद बोलतोय. रद्दीतला समजू नका हो! बाळ टिपणीस यांच्या सहीचा, शिक्कामोर्तब झालेला कागद आहे मी. टिपणीस साहेब रोह्याच्या एका केमिकल कंपनीचे डायरेक्टर. डायरेक्टरांना आतल्या बातम्या आधी कळतात, त्यामुळे ते स्वतःच्याच कंपनीचे शेअर घ्यायला लागले की लोकांना संशय येतो. म्हणून एक मार्ग असा, की किती घेणार आणि कुठल्या तारखेला घेणार हे चार-पाच महिने आधीच लिहून जाहीर करायचं, आणि मग त्याच दिवशी घ्यायचे. ते लिहिलेलं म्हणजे मी.

पंधरा जानेवारीला माझा जन्म झाला. कंपनीचं कायद्याचं काम बघणाऱ्या हेमांगी मॅडमनी मला प्रिंटरमधून उचललं, तेव्हा मी अजून गरम होतो.

"सर, नीट विचार करा. एकदा सही केलीत की मागे फिरता येणार नाही."

साहेब हसले. "अगं, नवसासारखंच की हे. बोललो, आता फेडणार."

अठ्ठावीस मे आणि अठ्ठावीस ऑगस्ट, अशा दोन तारखा माझ्या अंगावर होत्या. काय ऐट वाटली मला! माझी एक प्रत मॅडमकडे गेली आणि मी साहेबांच्या फायलीत राहणार होतो.

सहीची शाई वाळते न वाळते तोच शिवा आत आला. पेणजवळच्या जिते गावचा, मिठागरवाल्यांच्या घरातला, अठरा वर्षं याच प्लांटवर काढलेला माणूस. हातात एक चिठ्ठी.

"सायेब, तीन नंबरचा व्हॉल्व गलतोय. बदला, नायतर एक दिस कुनाचा तरी जीव घेल."

चिठ्ठी टेबलावर ठेवताना त्याचा तेलकट अंगठा माझ्या कोपऱ्यावर उमटला. मी चरफडलो. एवढा कोरा करकरीत मी, आणि पहिल्याच दिवशी डाग! साहेबांनी चिठ्ठीवर 'फेब्रुवारी' लिहिलं आणि ती माझ्याच फायलीत खोचली.

फेब्रुवारीत मोठी ऑर्डर आली. साहेबांनी खोडून 'एप्रिल' लिहिलं. एप्रिलमध्ये प्लांट बंद ठेवणं परवडेना, मग खोडून 'जुलै'. शेजारी पडल्यापडल्या मी हे बघत होतो आणि मनात फुगत होतो, कारण माझी तारीख काळ्या दगडावरची रेघ होती. आता सांगताना लाज वाटते.

सोळा मेच्या दुपारी तो व्हॉल्व फुटला. शिवा जागच्या जागी गेला.

कंपनीच्या अहवालात लिहिलं गेलं, 'ऑपरेटरची चूक'. खाली साहेबांची सही. तिकडे शेअर गडगडला, आणि साहेबांना माझी आठवण झाली.

"मॅडम, ही खरेदी रद्द करा. लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"नाही करता येत, सर. मी तेव्हाच बोलले होते."

अठ्ठावीस मे उजाडला. नेमकं शिवाचं तेरावं. जित्यात पानं मांडली जात होती, तेव्हाच पडत्या भावात साहेबांच्या नावावर शेअर घेतले गेले. संध्याकाळपर्यंत ती बातमी जित्यातल्या मोबाइलांवर पोचली.

दुसऱ्या दिवशी साहेब मला घेऊन जित्याला गेले. निघताना त्यांनी शिवाची चिठ्ठी फायलीतून काढून खिशात घातली. ओट्यावर शिवाची बायको धोंडुबाई बसली होती, शेजारी कॉलेजात जाणारी लेक दिपिका.

"ही तारीख बघा, जानेवारीतली आहे," साहेब म्हणाले. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. बाकी काही नाही हो."

दिपिकाने मला नीट वाचलं. "आये, खरं हाय. जानेवारीतच लिहिलंय."

"आसंल गो. मला शेअर-बिअर कलत नाय." धोंडुबाईने पदराने डोळे पुसले. "सायेब, कंपनी बोलते चूक शिवाची. त्यानं तुमाला चिठ्ठी दिलती, घरी येऊन बोलला व्हता मला. तेवढी चिठ्ठी द्या. माजा मानूस बेफिकीर नव्हता, येवढंच मला चारचौघात दाखवायचं हाय."

साहेबांचा हात खिशावर गेला. तिथेच थांबला.

"अशी चिठ्ठी माझ्याकडे आलीच नाही," ते म्हणाले.

दिपिकाचं बोट माझ्या कोपऱ्यावर आलं. "हा डाग कसला, काका?"

साहेबांनी मला जवळजवळ हिसकावून घेतलं. अगं पोरी, तुझ्या बापाचा अंगठा आहे तो! मी ओरडत होतो. पण कागदाचं कोण ऐकतं?

तेव्हापासून मी आणि चिठ्ठी पेणला, साहेबांच्या घरच्या कपाटात आहोत, पूजेच्या सोवळ्याखाली. चिठ्ठी जाळायला त्यांनी दोनदा काडी ओढली आणि दोनदा विझवली. रोज मला बाहेर काढून तो डाग खोडरबराने घासतात. माझा कोपरा झिजून पार झिरझिरीत झालाय, डाग कधीच गेला. तरी घासतातच. "वृंदा, तुला तेलाचा वास येतो का गं?" असं बायकोला विचारतात. तिला येत नाही. मला येतो.

गणपती चार दिवसांवर आलेत. आत्ता वृंदावहिनींनी सोवळं काढायला कपाट उघडलंय आणि त्यांचा हात आमच्यावर पडलाय. अठ्ठावीस ऑगस्टची खरेदी ठरल्याप्रमाणे होईल, तिला माझी गरज नाही. चिठ्ठीवरचा जुलै मात्र उलटून गेला.

वहिनी, मला ठेवा बाजूला. खालची चिठ्ठी वाचा, आणि आजच्या आज जित्याला पोचवा.