खळ्यावरचे बारा चौकोन

"आधी बूट काढा!"

बार्बा शिमे, बार्बा म्हणजे आमच्याकडं काका, ओरडला तेव्हा नगरपालिकेची दोन माणसं आमच्या खळ्याच्या दगडी फरशीवर पांढरे पट्टे मारत होती. आमच्या ग्राबोवात खळ्यावर कुणी बूट घालून जात नाही. पाद्री आशीर्वाद द्यायला आला तरी बूट कडेला काढून आत यायचा. त्या दोघांना हे कुणी सांगितलं असणार? एकानं मान वर केली, म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ब्रश डब्यात बुडवला.

"आजोबा, रंग ओला हाय. बाजूला व्हा."

"तुझ्या आज्याला सांग बाजूला व्हायला! ह्यो एकेक दगड माझ्या पणज्यानं पाठीवर वाहून आणलाय. आन् तिवडा कुठाय? जनावर बांधायचा मधला तिवडा कुणी उपटला?"

"गाड्यांना वळायला जागा नको का?"

मी भिंतीपाशी उभा होतो. मान खाली घातली होती, कारण बैठकीत ह्या कामाला होकार देताना माझा हातही वर गेला होता.

ती बैठक झाली फेब्रुवारीत. बेटाच्या डोक्यावर आमचं गाव आणि पायथ्याशी झुकवाची खाडी. उन्हाळा आला की त्या खाडीत डुंबायला सगळं जग येतं आणि आपल्या गाड्या आमच्या उरावर सोडून जातं. माझ्या फाटकासमोर, विहिरीच्या तोंडाशी, कुठंही. मागल्या ऑगस्टमध्ये तर दफनभूमीच्या दारात कुणी गाडी लावून गेलं आणि म्हाताऱ्या माराची शवपेटी आम्हाला गाडीवरून उचलून पलीकडे न्यावी लागली. तेव्हा नगरपालिकेचा माणूस शाळेत बैठक घेऊन म्हणाला, "आता गाडी लावायचे पैसे पडतील, गावकऱ्यांना मात्र फुकट पास," तर आम्ही टाळ्या वाजवल्या आणि हात वर करून होकार दिला. भिंतीवर नकाशा टांगला होता. उठून तो कुणी पाहिला नाही. फुकट शब्द ऐकला की माणसाचे कान उभे राहतात आणि डोळे मिटतात. खळं गावाचं म्हणून आम्ही धरून चाललो होतो, आणि कागदावर गाव नावाचं काही नव्हतंच, नगरपालिका होती.

शिमे त्या बैठकीला नव्हता. तो द्राक्षवेलींची छाटणी करत होता.

गावात गहू पेरणारा तो एकटाच उरला आहे. आम्ही बाकीचे खोल्या भाड्यानं देतो. त्याची उतारावरची बारा पट्ट्यांची जमीन, प्रत्येक पट्ट्याला दगडी बांध, तिथं यंत्र उतरत नाही. बियाणं त्याच्या बापाकडून आलेलं, लांब कुसळाचा लाल गहू. तो आता बेटावर दुसऱ्या कुणाकडं नाही. हा गहू गेला की गेला. आणि मळणीला खळ्याची पाळी असते, घराला एक दिवस. जुलैतल्या संत इलियाच्या सणाचा दुसरा दिवस शिमेच्या घराचा. दुसऱ्याच्या दिवशी खळ्यावर पाय टाकायचा नाही. भांडणं झाली, युद्धं झाली, पण हे कुणी मोडलं नव्हतं.

मी त्याला माझ्या गाडीतून बंदरावरच्या कचेरीत घेऊन गेलो. तेवढं तरी करावं म्हणून.

"गाडीचा नंबर?" खिडकीतल्या लिदियाबाईंनी विचारलं.

"गाडी न्हाई. लोला हाय."

"कोण लोला?"

"माझी खेचरी. संगं आणली न्हाई, तुमच्या जिन्याला बिचकती ती."

लिदियाबाई हसल्या नाहीत. "पास गाडीला मिळतो, आजोबा. माणसाला नाही, जनावराला तर नाहीच नाही."

माझ्याकडं बोट दाखवत शिमे म्हणाला, "म्हंजे ह्यो वित्सको वीस वर्सं जर्मनीत भांडी घासून आला, त्याला पास. आन् मी जन्मात गाव सोडलं न्हाई, तर मी पाव्हणा?"

"नियम आहे."

"बरं, नियम असू दे. मला एक दिवस, इलियाच्या सणाचा दुसरा, खळं मोकळं द्या. एकच."

"जुलैमध्ये? अर्ज करा. समिती ऑक्टोबरात बसते."

"आक्टोबरात मी पेरतो, बाई. मळत न्हाई."

आमच्या मागं सात माणसं ताटकळत होती. लिदियाबाई वैतागून म्हणाल्या, "मग सरळ तिकीट काढा. मशीन कुणाला नाही म्हणत नाही. नंबर टाकायचा, पैसे टाकायचे, दिवसभर जागा तुमची."

घाट चढेपर्यंत म्हाताऱ्याचा जबडा तेवढा हलत होता. गावाची कमान आली तेव्हा म्हणाला, "वित्सको, लोलाला नंबर हाय."

"कसला नंबर?"

"जनावरांच्या डाक्टरनं लाल पुस्तक दिलंय की तिचं. फोटोबी हाय. माझ्यापेक्षा बरा आलाय."

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शिमे मशीनपुढं उभा होता. तिकिटांच्या पैशासाठी मागल्या सालची सगळी वाइन त्यानं विकली होती. लाल पुस्तक उघडून एकेक आकडा दाबत त्यानं बारा जागांची बारा तिकिटं काढली, सहा ते सहा. प्रत्येक चौकोनात एक तिकीट ठेवून वर खडा ठेवला. जुन्या भोकात स्वतःचा तिवडा रोवला, बूट काढले, पेंढ्या सोडल्या आणि लोलाला फिरवायला लागला. मी पेंढा उलटत होतो.

आठ वाजता रोको आला. पूर्वी मासे मारायचा, आता नगरपालिकेची टोपी घालून गाड्यांना दंड करतो. भला माणूस, पण त्या टोपीत त्याचं डोकं आवळलेलं.

"बार्बा, ह्ये काय?"

"तिकिटं. वाच."

रोकोनं बाराही तिकिटं वाचली. "एकच नंबर बारा जागांवर कसा?"

"लोला गोल फिरती. बाराही जागी तिचा पाय पडतोय. उभा राहा आन् मोज."

रोकोनं कचेरीत फोन लावला. तिकडं एकानं दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. शेवटी उत्तर आलं की पैसे भरलेत ना, मग राहू दे. शिमे काही हसला नाही. मला वाटलं होतं तो खूश होईल. तो म्हणाला, "पणज्याच्या दगडावर भाड्यानं उभा हाय मी. तो वरनं बघत असंल तर थुकंल माझ्यावर." मला इतकं लाजिरवाणं कधी वाटलं नव्हतं.

दिवसभर पाव्हण्यांनी फोटो काढले. एका बाईनं विचारलं, हा कार्यक्रम रोज असतो का? शिमेनं लोलाला तिच्या अंगावरूनच वळवलं.

चारपर्यंत मळून झालं. पेंढा काढला, दाणा-भुसा मधोमध गोळा केला. आता वारा हवा होता. एरवी दुपारी दोनला समुद्रावरचा वारा न चुकता चढतो, त्याच्यावर आम्ही घड्याळं लावतो. त्या दिवशी पान हललं नाही. दक्षिणेकडं आभाळ शिशासारखं झालं होतं, म्हणजे रात्री पाऊस नक्की. भुसा न काढता पोत्यात भरावं, तर दमट हवेत धान्य आतून तापतं आणि बियाणं मरतं. शिमे लाकडी फावडं घेऊन ढिगापाशी उभा राहिला. पाच वाजले. साडेपाच झाले. बोट ओलं करून तो पुन्हा पुन्हा वर धरत होता.

सूर्यास्त बघायला येणाऱ्यांची रांग कमानीपर्यंत गेली. हॉर्न वाजायला लागले. सहाला रोको आला.

"बार्बा, येळ संपली."

"वारा आला न्हाई अजून."

"मशीनला वारा कळत न्हाई. पुढचं तिकीट काढा."

शिमेनं दोन्ही खिसे उलटे केले. एका खिशातून दोन अंजिरं पडली, दुसऱ्यातून सुतळी. "दंड कर. वाऱ्याच्या नावानं फाड पावती!"

"माझ्यावर का चिडता? मी न्हाई म्हनलो तर उद्या दुसरा येईल टोपी घालून."

"येऊ दे! त्योबी बूट काढून येऊ दे!"

म्हाताऱ्याचा आवाज फाटला. मला ते ऐकवेना. मी फावडं टाकलं आणि घराकडं पळालो. बायको पेरिना दारातच होती. "पळत का आलात? काय झालं?"

"गाडीची किल्ली दे. आन् ज्यानं ज्यानं हात वर केला होता त्याला हाका मार. गाड्या घेऊन या म्हणावं."

पेरिनाचा आवाज पलीकडच्या बेटावर जातो. मी रांगेच्या कडेनं गाडी घातली, जर्मन शिव्या ओळखीच्याच होत्या, आणि एक नंबरच्या चौकोनात लावली. काचेवर पास होता. माझ्यामागं यूरेची मासळीची गाडी आली, मग अजून एक, मग अजून एक. दोब्रिलाकाकूंची गाडी दोन वर्षं सुरू झाली नव्हती, ती चौघांनी ढकलत आणली. काकू आत बसून सुकाणू धरून ओरडत होत्या, "हळू रं मेल्यांनो, ब्रेक न्हाईत तिला!"

बारा चौकोन, बारा गाड्या, बारा पास. सगळे फुकट.

रोको म्हणाला, "बरं. आन् मधे? मधे म्हातारा उभा हाय त्याचं काय?"

"मधे पट्टा दाखव," मी म्हणालो. "नंबर दाखव."

रोकोनं खिशातला नियमांचा कागद काढून दोनदा वाचला. मग कमानीपाशी गेला आणि जागा भरल्याची पाटी लावून आला.

वारा साडेसातला आला. शिमेनं पहिलं फावडं वर उडवलं, दाणा खाली पडला आणि भुसा सरळ आमच्या गाड्यांवर गेला. काचांवर, टपांवर, यूरेच्या जाळ्यांत. माझ्या गाडीतून अजूनही कुसळं निघतात. तक्रार फक्त दोब्रिलाकाकूंनी केली, पण त्या चर्चमध्येसुद्धा तक्रार करतात. सहा पोती गहू अंधार पडायच्या आत घरात गेला आणि मग पाऊस आला.

आता मार्च चालू आहे. परवा तेच दोघं रंगारी पुन्हा आले. शिमे भिंतीवर बसलेला बघून दोघांनी मुकाट्यानं बूट काढले, कडेला ठेवले आणि अनवाणी आत जाऊन खळ्याच्या बरोबर मध्यावर, तिवड्याच्या भोकावर, नवा चौकोन आखला. नंबर तेरा.

माझं डोकंच फिरलं. "बघितलंस, बार्बा? आता काय करायचं?"

शिमेनं खाली, आपल्या शेताच्या बारा पट्ट्यांकडं बघितलं. गहू गुडघ्याला लागला होता.

"आता काय? तेरा गाड्या लागतील," तो म्हणाला. "कुणाकडं जादा हाय बघून ठेव."