वेंडेल, बूच लावलंस का?

हेल्गा हे माझ्या मावशीचं नाव. मावशी उठल्यापासून निजेपर्यंत धूर सोडायची आणि उठवायला गेलं की खोकून खोकून घर डोक्यावर घ्यायची, म्हणून माझ्या वॉटर स्कूटरचं नावही हेल्गा. पंच्याण्णव सालची, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक. रंग जांभळा आणि वर पिवळे पट्टे, कारण त्या काळी लोकांना लाज नव्हती.

मी आर्लिस हॉगन, वय एकाहत्तर. जमिनीवर मला काठी लागते. गुडघ्यांनी चार वर्षांपूर्वीच राजीनामा दिला. पण हेल्गावर बसून उजव्या हाताने खटका दाबला की मी पंचविशीची होते, आणि काठी बिचारी धक्क्यावर पडून राहते. लोक म्हणतात, नवीन घे. नवीन यंत्राचं पोट उघडायला कॉम्प्युटर लागतो म्हणे. हेल्गाचं पोट मी दहा नंबरचा पाना आणि चार शिव्या एवढ्या भांडवलावर उघडते. ती गेली तर मी उरलेले उन्हाळे व्हरांड्यात बसून दुसऱ्यांच्या होड्या मोजणार, आणि ते माझ्याच्याने होणार नाही.

ती जाण्याची भीती मात्र दर वर्षी असते. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या स्टर्जन तळ्यावर टू-स्ट्रोकला बंदी आहे. जुन्या यंत्रांना तेवढी सवलत: चार जुलैच्या आधीच्या शनिवारी, दुपारी बाराची चर्चची घंटा व्हायच्या आत, तळ्याच्या मंडळाच्या धक्क्यावरून निघून स्वतःच्या ताकदीवर तळ्याला एक फेरी मारायची आणि परत धक्क्याला लागायचं. मग अध्यक्ष स्वतःच्या हाताने वर्षाचा स्टिकर चिकटवतात. एका वर्षी चुकलं की कायमचं बाहेर. सुरुवातीला आम्ही सहा जण होतो. आता एकटी हेल्गा.

आणि अध्यक्ष म्हणजे वेंडेल.

वेंडेलची होडी विजेवर चालते. इतकी मुकी, की तुम्ही धक्क्यावर निवांत कॉफी पीत असता आणि अचानक तो शेजारी असतो. एरवी तो मला आर्लिस म्हणतो, पण मंडळाचं काम असलं की 'मिसेस हॉगन'. पंधरा वर्षांपूर्वी त्याने नवी कोरी मासेमारीची होडी घेतली, पाद्रीबाबांना घेऊन उतारावरून पाण्यात सोडली, सावकाश गाडी लावायला गेला, आणि परत येतो तर पाद्रीबाबा छातीभर पाण्यात, डोक्यावर सँडविचचा डबा धरून उभे. साठलेलं पाणी निथळायला होडीच्या तळाशी भोक असतं, त्याचं बूच लावायचं राहिलं होतं! मी धक्क्यावरच होते. असं भाग्य माणसाला एकदाच लाभतं. त्या दिवसापासून वेंडेल दिसला की मी विचारते, "वेंडेल, बूच लावलंस का?" लांब असला तर खूण: मूठ पुढे, अंगठा बाहेर, आणि हवेत पिळायचा. हळूहळू सगळं तळं ती खूण करायला लागलं. वेंडेलच्या मुलीच्या लग्नात मी ती चर्चमध्ये तिसऱ्या बाकावरून केली होती.

तर या वर्षीचा तो शनिवार. सकाळी दहा वाजता हेल्गा माझ्या गॅरेजात मेल्यासारखी पडलेली. माझी धाकटी बहीण मर्ना घडीच्या खुर्चीत कॉफी घेऊन बसली होती आणि उंटावरून शेळ्या हाकत होती.

"बॅटरी असेल."

"बॅटरी नवी आहे, मर्ना."

"मग उंदीर असतील. मागे नव्हतं का त्यांनी घर केलं?"

"ते मी एप्रिलमध्येच रिकामं केलंय. तू फक्त घड्याळ बघ."

स्पार्कप्लग काढून इंजिनाच्या डोक्याला टेकवले आणि बटण दाबलं. निळी, खणखणीत ठिणगी. म्हणजे आग होती. पण प्लग कोरडे ठणठणीत. म्हणजे पेट्रोल पोचत नव्हतं. दोन्ही सिलिंडरमध्ये चमचा-चमचा तेल घातलेलं पेट्रोल ओतलं, बटण दाबलं. हेल्गा दोन सेकंद किंचाळली आणि गप्प झाली.

"बोलली!" मर्ना टाळ्या पिटत म्हणाली.

"भूक लागलीय म्हणून बोलली. घसा बसलाय तिचा."

कार्ब्युरेटर काढला. आतली टिकलीएवढी जाळी हिरव्यागार चिकट लगद्याने भरलेली. हे मला पाहता क्षणी कळलं, आणि चूक कोणाची तेही कळलं. जुन्या करड्या नळ्या आतून विरघळून हा लगदा होतो. पाच वर्षांपूर्वी मी सगळ्या नळ्या बदलल्या होत्या. राहिला होता एक वीतभर तुकडा, पेट्रोलच्या चावीमागे, जिथे हात जात नाही. पुढच्या वर्षी बघू, असं मी पाच वर्षं म्हणत होते.

"तुझाच आळस," मर्ना म्हणाली.

"किती वाजले?"

"पावणेअकरा. आळसाची पाच वर्षं आणि पावणेअकरा."

नळी बदलली, जाळी धुतली, कार्ब्युरेटर परत बसवला. मग बागेची नळी जोडून चालवून बघायचं. माझ्या गॅरेजच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: आधी इंजिन, मग पाणी; बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलट केलंत तर पाणी सिलिंडरमध्ये जातं. तळ्यावरच्या प्रत्येक पोराला मी हे पाठ करायला लावलंय. त्याखाली लाल रंगात, तीन रेघा ओढून: बुचं!

हेल्गा पेटली! निळा धूर गॅरेजभर झाला, मर्ना खोकत बाहेर पळाली, आणि मला इतका आनंद झाला की मी काठीशिवाय दोन पावलं नाचले. तळात साठलेलं पाणी निथळायला मी दोन्ही बुचं आधीच काढून ठेवली होती. काढलेली बुचं हरवू नयेत म्हणून मी ती बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात घालते. वर जीवरक्षक जाकीट चढवलं आणि निघालो.

अकरा बेचाळीसला मर्नाने ट्रकमागची गाडी उतारावरून पाण्यात नेली आणि हेल्गा तरंगली. मर्ना ट्रक वर लावून थेट शेगडीपाशी गेली. दर वर्षीप्रमाणे तिथे ब्रॅट भाजले जात होते. बोटभर जाड ते सॉसेज पावात घालून सगळं तळं धक्क्यावर जमलेलं. वेंडेल एका हातात पाटी आणि एका हातात ब्रॅट घेऊन उभा.

"मिसेस हॉगन, अठरा मिनिटं आहेत."

"मला चार पुरेत. वेंडेल, बूच लावलंस का?" मी ओरडले. सगळे हसले. वेंडेल तेवढा हसला नाही.

हेल्गा सुटली. काय पळाली म्हणून सांगू! पाण्याला नुसती शिवत होती. मी मोठमोठ्याने गात होते. पलीकडच्या काठाशी वळताना वाऱ्याने जाकिटाच्या गळ्यातून काहीतरी उडालं आणि टपटप माझ्या हनुवटीवर आपटलं. मी खाली पाहिलं. लाल, गोल, दोन.

माझं गाणं बंद झालं.

जोरात पळत असेपर्यंत भीती नसते. मागच्या भोकांतून पाणी उलट ओढलं जातं. पण जिथे थांबेन तिथे बुडेन. आणि थांबायचं कुठे, तर सगळ्या तळ्यासमोर, वेंडेलच्या पायाशी. मनात पहिला विचार हेल्गाचा यायला हवा होता. खरं सांगते, पहिला विचार वेंडेलचा आला.

धक्का आला. वेंडेलने थांबायला हात केला. मी सुसाट पुढे गेले. लोकांना वाटलं, म्हातारी रंगात आलीय. त्यांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या फेरीला मी ओरडले, "बुचं नाहीत!" पण हेल्गाच्या आवाजापुढे मला माझंच ऐकू येईना. मग डावा हात मोकळा होता, त्याने करता येण्यासारखी एकच खूण मला माहीत होती. मी अंगठा बाहेर काढला आणि हवेत पिळला.

सगळा धक्का हसून लोटपोट झाला. पन्नास अंगठे वेंडेलकडे वळून पिळले गेले. वेंडेलने मान खाली घातली आणि ब्रॅटकडे पाहत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. पंधरा वर्षं मी खूण करून पुढे निघून जात होते. त्यानंतर त्याचं तोंड कसं होतं ते कधी पाहिलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं, पण ताशी साठ किलोमीटरवर वाईट वाटून काही करता येत नाही.

तिसऱ्या फेरीला मी गळ्यातली नाडी ओढून काढली आणि बुचं डोक्यावर गरगर फिरवली. मग स्वतःच्या छातीवर बुक्की मारली. मी! मी, वेंडेल! नाडीची गाठ सुटली, एक बूच सूंकन उडालं आणि तळ्यात गेलं. दुसरं मी दातात पकडलं.

लोक अजून हसतच होते. पण वेंडेलने पाटी टाकली आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो पळत सुटला. माझ्या ट्रकमध्ये चढला आणि उतारावरून मागची गाडी एका दमात सरळ पाण्यात घातली. एरवी त्याला सात वेळा पुढेमागे करावं लागतं. मी रोख धरला, उथळात पंपाने खडे ओढू नयेत म्हणून आधीच इंजिन बंद केलं, आणि हेल्गा घसरत थेट गाडीवर चढली. त्याने ट्रक वर ओढला. मागून पाण्याच्या दोन धारा सुरू झाल्या.

वेंडेल त्या धारांपुढे पाठ करून, कोट पसरून उभा राहिला.

"सरक, काय करतोयस? लोकांना दिसणार नाही." मी दातात बूच धरूनच म्हणाले.

"दिसू नये म्हणूनच उभा आहे."

माझ्या दातातून बूच पडलं. "वेंडेल, मी तुला पंधरा वर्षं..."

"पंधरा वर्षं दोन महिने," तो म्हणाला. "चार मिनिटं उरलीत, आर्लिस. दुसरं बूच कुठेय?"

"तळ्यात."

त्याने हातातल्या ब्रॅटकडे पाहिलं. एकच घास खाल्लेला होता. पडलेलं बूच एका भोकात लावलं, पाव फेकला, ब्रॅट दुसऱ्या भोकात घातला आणि स्क्रू पिळावा तसा पिळून घट्ट बसवला.

"हे नियमात बसतं?" मी विचारलं.

"नियम मी लिहिलेत. ब्रॅटचा उल्लेख नाही."

गाडी पुन्हा पाण्यात. हेल्गा पहिल्याच बटणाला पेटली. धक्का ऐंशी मीटरवर होता. मी दोर फेकला, मर्नाने तो पकडला, आणि वर टेकडीवर बाराचा पहिला ठोका पडला. वेंडेल धापा टाकत आला, पोटाशी धरलेला स्टिकर काढला आणि हेल्गाच्या ओल्या कुशीला पुसून चिकटवला.  

लोकांनी विचारलं, मध्येच गाडीवर का चढवली? ज्या माणसाने जन्मात नियमाचा स्वल्पविराम वाकवला नाही, तो म्हणाला, "पंपात शेवाळ अडकलं होतं."

आठवडाभर तो कोणाला काही बोलला नाही. मी रोज वाट पाहत होते. शेवटी शुक्रवारी, तळलेल्या माशांच्या पंगतीला, मी काठी टेकत उभी राहिले आणि नाडीपासून ब्रॅटपर्यंत सगळं सांगितलं. मर्नाच्या नाकातून कोबीची कोशिंबीर बाहेर आली. सगळ्या हॉलने माझ्याकडे वळून अंगठे पिळले. एक अंगठा तेवढा वर आला नाही. वेंडेल खाली बघून माशाचे काटे काढत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर कॉफी पीत होते आणि अचानक तो शेजारी होता. मी कप खाली ठेवला. त्याने टोपी उचलली.

"गुड मॉर्निंग, आर्लिस."

एवढंच. होडी पुढे सरकली. मला राहवेना.

"लावलीत!" मी मागून ओरडले. "वेंडेल, दोन्ही लावलीत!"

त्याने वळून पाहिलं नाही. पण त्याची होडी इतकी मुकी आहे, की तो कितीतरी वेळ हसत होता ते मला पलीकडच्या वळणापर्यंत ऐकू आलं.