कापली जाणारी कड

मी एक कड बोलतेय. टेबलाची नव्हे, ताटाचीही नव्हे. पुस्तकातल्या चित्राची, तीही पानाबाहेरची. छपाईवाले मला ‘ब्लीड’ म्हणतात. आधी मला छापायचं आणि मग कापून टाकायचं, एवढंच माझं आयुष्य. तरी रडगाणं गायला मी आलेली नाही. मी मजेत आहे.

माझा जन्म एका रुसव्यातून झाला. एक चित्रकार आई होती. वर्षानुवर्षं चित्रं काढायची आणि पलंगाखाली सरकवायची. कुणी प्रदर्शनाचं नाव काढलं की तिचं डोकं दुखायला लागायचं. शेवटी लेकीने हट्ट धरून एका पुस्तकापुरता होकार मिळवला. लेक वेबसाइट बनवते. पुस्तकही तिने तसंच मांडलं: मजकुराला आणि चित्रांना टॅग लावले, सोबत एक स्टाइलशीट लिहिली. पान केवढं, समास किती, चित्र कुठे, सगळे हुकूम त्यात. कॉम्प्युटरने त्याची पीडीएफ करून दिली आणि लेक खुशीत प्रेसमध्ये देऊन आली.

नमुना प्रत आली, तर चित्रांच्या काठाशी दोऱ्याएवढी पांढरी रेघ. कापताना सुरी केसभर इकडेतिकडे होतेच, मग कोरा कागद डोकावतो. लेकीची सगळी हयात कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेलेली, तिच्या हे ध्यानीमनीही नव्हतं. आईने प्रत मिटली.

“माझं चित्र काठाशी थांबत नाही,” ती म्हणाली. “पुस्तकात थांबणार असेल तर पुस्तकच नको.”

लेकीने प्रेसवाल्या काकांना गाठलं. चित्र पानाबाहेर तीन मिलिमीटर जाऊ दे, मग कापू, असं त्यांनी सांगितलं. लेकीने स्टाइलशीटमध्ये दोन ओळी वाढवल्या, एक ब्लीडची आणि एक कुठे कापायचं त्या खुणांची. पण पडद्यावर त्या खुणा पाहून आई आणखीच बिथरली. तिच्या चित्राचाच तेवढा भाग जाणार होता ना! रुसून तिने पुस्तक पुन्हा अडवलं.

मग एका सकाळी आईच म्हणाली, “कापायचंच आहे ना? मग कापायला वेगळं रंगवून देते.”

तिने प्रत्येक चित्राला चारी बाजूंनी बोटभर कागद जोडला, छपाईत लहान होऊन तो तीन मिलिमीटरच उरणार होता, आणि चित्र पुढे नेलं. अशी मी जन्मले, गच्चीवर वाळणाऱ्या कपड्यांच्या चित्राची उजवी कड. कुणी बघणार नाही म्हटल्यावर आईचा हात काय सुटला! चित्रात सगळे नीटनेटके कपडे, आणि माझ्यावर तिने बाबांचं भोकं पडलेलं बनियन वाळत घातलं. बाबांनी ते पाहिलं आणि लेकीला बजावलं, सुरी नीट चालवायला सांग. आई गुणगुणत रंगवत होती. तिला इतकं खुशीत रंगवताना लेकीने कधी पाहिलं नव्हतं.

लेकीने चित्रांचे नवे फोटो घेऊन नवी पीडीएफ केली. या वेळी तिघंही प्रेसमध्ये आले. काकांनी खुणा जुळवल्या, सुरी खाली आली. मला काडीचंही दुखलं नाही. मी बनियनसकट टोपलीत पडले आणि बाबांचा जीव भांड्यात पडला.

आईने नवी नमुना प्रत उघडली. पानाच्या काठावरून अंगठा फिरवला, मग परत फिरवला. रेघ कुठेच नव्हती. कपड्यांची दोरी सरळ पानाबाहेर निघून गेली होती.

थोड्या वेळाने मी रद्दीत जाईन. तुमच्याकडे एकच मागणं आहे. रंग अगदी काठापर्यंत पोचलेलं पान दिसलं, की त्याच्यापलीकडेही कुणीतरी आनंदाने थोडं रंगवलं होतं, एवढं मनात आणा. माझी काही तक्रार नाही. टोपलीतून मी माझ्या कानांनी ऐकलं, आई लेकीला म्हणत होती, “छापायला घ्या म्हणावं. आणि हे बघ, माझं नाव जरा मोठं कर.”