रेडिओचा पुठ्ठा

दुसऱ्या महायुद्धाआधी खानदेशातल्या खांडबाऱ्यात भिकनने घरीच रेडिओ जुळवला, पण खोक्याचं तोंड उघडंबोडकं होतं. धाकट्या भावाची बायको मीना चार यत्ता शिकलेली. तिने पुठ्ठ्याला बटणांपुरती भोकं पाडली, भोवती आकडे रेखले आणि खाली जेठाचं, म्हणजे थोरल्या दिराचं, नाव लिहिलं. गल्ली अक्षर बघायला लोटली. भिकनची निरक्षर बायको जसोदा चुलीपेक्षा जास्त तापली. नवरा तिचा आणि मान जावेला!

“जेठनं नाव तोंडवर लेतस नही, अन् तू लिखं?”

“बोलनू कोठे, बाई? नुसतं लिखं.”

जसोदा थबकली. नवऱ्याचं नाव तिनेही कधी उच्चारलं नव्हतं. लिहायला बंदी नाही, हे तिला सुचलंच नव्हतं.

“मंग दुसरा पुठ्ठा आन,” ती म्हणाली, “आनि मन्हा हात धर. मन्हा घरवालानं नाव मीच लिखसू.”