दोष कुणाकडचा

कुशाबाईंच्या मांडीतली गाठ सारकोमा निघाली, मांसात होणारा दुर्मीळ कॅन्सर. गाठीच्या जनुकात बदल सापडला होता. तोच रक्तातही असेल तर दोष जन्माचा, आणि मग रेडिएशन फार जपून, म्हणून डॉक्टरीणबाईंनी रक्त मागितलं. एवढी साधी गोष्ट. पण महाळुंग्याच्या त्या घरात साधी गोष्ट कधी साधी राहिली होती? सून अनिताचं डोकं उठलं.

"आमच्या भावकीत असलं काय न्हाई," सासरे सावळाराम म्हणाले. "दोष माहेरचा."

कुशाबाईंचे भाऊ सोपानराव उसळले. "आमी धडधाकट बहीण दिली व्हती. चाळीस वर्सं कुणाच्या घरात हाय ती? आन् रक्तबिक्त काय द्यायचं न्हाई. माझ्या पोरीचं, सायलीचं लगीन जमत आलंय. उद्या पाव्हण्यांच्या कानावर गेलं म्हंजे?"

सायलीचं लग्न चार महिने थांबेल, गाठ थांबणार नाही, हे सांगायला एकटी अनिताच. तिचा नवरा आदिनाथ चाकणच्या कंपनीत तीन-तीन शिफ्ट हाकायचा, घरात मात्र 'बघू'च्या पुढे सरकला नाही. बैठका झाल्या, चहाची पातेली रिकामी झाली, जुनी भांडणं उकरून झाली. असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी अनितानं कुणाला न विचारता सासूला रिक्षात घातलं आणि रक्त देऊन आणलं. घरात दोन दिवस कुणी तिच्याशी बोललं नाही. तिला तेवढीच विश्रांती.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवलं. "रक्तात दोष नाही. बदल गाठीतच झालाय, घराण्याचा संबंध नाही. रेडिएशन देता येईल. मात्र असा बदल असलेली गाठ परत येऊ शकते, फुप्फुसात जायचीही भीती असते. असे पेशंट इतके थोडे, की नेमकं..."

पुढचं ऐकायला कुणाला सवड होती? सोपानरावांनी तिथूनच घरी फोन लावला. सावळारामांनी मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली आणि दोघे पेढे आणायला निघाले, आदिनाथ गाडी काढायला. एकेकाच्या कानाखाली जाळ काढावा, असं अनिताला वाटलं.

कुशाबाई उठल्या नाहीत.

"कुणाकडचाच न्हाई म्हनल्या का गं?"

"हो, आई."

"म्हंजी माझा एकटीचाच." त्यांनी पदर सावरला आणि डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. "गेली ती समदी. आता सांगा बाई, फुप्फुसाचं काय म्हनत व्हता?"