बेचव मांस

काओने धनुष्य झाडाला टेकवून ठेवलं आणि तो शेकोटीपाशी येऊन बसला. चुकोने, त्याच्या बायकोने, मोंगोंगोच्या रानफळांचे भाजलेले दाणे त्याच्यापुढे सरकवले. त्याने ते एकेक करून खाल्ले. समोर बसलेला त्याचा भाचा दाबे काठी तासत होता. तासता तासता त्यानेच विचारलं, "मामा, काही दिसलं का?"

"मला कसलं दिसतंय आता?" काओ म्हणाला. "बारकंसं काहीतरी होतं. लागलं असेल, नसेल."

शिकारी 'बारकंसं' म्हणाला की जनावर मोठं असतं, हे त्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मोठ्या तोंडाने सांगत येणाऱ्याची कालाहारीच्या वाळवंटात कोणी गय करत नाही. काओने जन्मात ती चूक कधी केली नव्हती. तो उठला आणि झोपडीत जाऊन आडवा झाला. जनावराच्या अंगात बाणाचं विष भिनायला रात्र जावी लागते आणि तोवर शिकाऱ्याने शांत राहायचं असतं.

पण त्याला शांत कसलं वाटणार? दोन उन्हाळे झाले, कोणी त्याला आपला बाण दिला नव्हता. त्या लोकांत मारणारा कोणीही असो, ज्याच्या मालकीचा बाण जनावराला लागतो, जनावर त्याचं. वाटेही त्यानेच घालायचे. म्हणून ज्याच्या हातावर भरवसा, त्याच्या भात्यात लोक आपला बाण हसतहसत टाकतात. काओचा भाता एके काळी दुसऱ्यांच्या बाणांनी भरलेला असायचा. मग त्याचे हात थरथरू लागले, डोळ्यांना पाणी यायला लागलं आणि बाण एकेक करून येईनासे झाले. त्याला त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. मांसाचा वाटा मात्र न चुकता घरी यायचा, तोही मऊ मऊ बघून. आज सोडलेला बाण चुकोचा होता. तिच्या भावाने तिला दिलेला तो बाण तिने सकाळी न बोलता त्याच्या भात्यात खोचला होता.

उजाडल्यावर दाबे आणि आणखी तिघे काओबरोबर मागावर निघाले. सूर्य डोक्यावर यायच्या आत त्यांना जनावर सापडलं. काटेरी झाडाखाली एलंड जातीच्या हरणाची मादी पडली होती, बैलाएवढी. दाबेने पोट फाडलं तर आत पांढरीशुभ्र चरबी.

आता शिव्या बसणार म्हणून काओ सावरून उभा राहिला. रीतच होती ती. जनावर जितकं मोठं, तितकी त्याची निंदा जास्त. या हाडांच्या गाठोड्यासाठी आम्हाला एवढं चालवलंस होय, असं कोणीतरी म्हणायचं. त्यावर शिकाऱ्याने म्हणायचं, खरंय बाबांनो, कोल्ह्यांना टाकू आणि आपण ससा शोधू. हे उत्तर काओने वाटेतच जिभेवर तयार ठेवलं होतं.

"मामा, काय सुरेख जनावर आहे," दाबे म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकाने तर काओच्या पाठीवर हात ठेवला.

काओचं उत्तर जिभेवरच राहिलं.

दुपार कलता कलता वस्तीत मांस शिजू लागलं. बाण चुकोचा, म्हणून वाटे तिने घातले. काओ आपल्या जागी बसून वासावरूनच चव घेत होता. आयुष्यभर त्याने काय काय खाल्लं होतं. कुडू हरणाच्या मांसाला त्याने चरलेल्या पाल्याचा वास येतो. गेम्सबॉक हरणाचं मांस सुकवून खावं, नुसतं चघळत माणूस दिवसभर चालतो. वाइल्डबीस्टचा उग्र दर्प दुसऱ्या दिवशीही बोटांना येतो. जिराफ गोड लागतो, पण चावून चावून जबडा दुखतो. रानडुकराची चरबी गोडसर, आणि साळिंदराची विस्तवावर भाजलेली कातडी मिळाली तर काओ बायकोलाही विचारायचा नाही. पण एलंड ते एलंड. मांस गाईसारखं मऊ आणि चरबी अशी की खाऊन झाल्यावरही ओठांवर रेंगाळते. हे सगळं मनातल्या मनात म्हणायचं असतं. तोंडाने सांगायची ती चव नेमकी उलट.

आज मात्र जो तो खरं सांगत होता. म्हाताऱ्यांनी वाहवा केली. बायकांनी बोटं चाटली. दाबे म्हणाला, या साली असं मांस कोणी आणलं नाही. काओने आपला वाटा खाली ठेवला.

"का रे, दात दुखतात?" चुकोने विचारलं.

"पोरगं पहिली चिमणी मारून आणतं ना, तेव्हा त्याचं असं कौतुक करतात," काओ हळूच म्हणाला. "नाहीतर मरायला टेकलेल्याचं."

चुकोचा हात मांसावरच थांबला. काल तो झोपल्यावर तिनेच सगळ्यांना बजावलं होतं की म्हातारा हळवा झालाय, उद्या त्याला लागेल असं बोलू नका. इतकी वर्षं या माणसाशी संसार करून आपल्याला एवढंही कळू नये, याची तिला मनापासून लाज वाटली. तिने चरबीचा मोठा लचका तोंडात घातला, सगळ्यांना दिसेल असा सावकाश चावला आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय आणलंस रे म्हाताऱ्या?" ती मोठ्याने म्हणाली. "माती तरी याहून बरी लागते. माझ्या भावाचा चांगला बाण फुकट घालवलास."

मग पलीकडून एक म्हातारी म्हणाली की तिला वाटलं आपण चपलाच शिजवल्या. दुसरा म्हणाला, हे जनावर म्हातारपणाने मेलं असणार, काओने नुसता मेलेल्यावर बाण खोचला. मग कोणी थांबेचना. हसून हसून एकाला ठसका लागला.

"खरंय," काओ म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते तर हल्ली वाहायचंच. "टाका कोल्ह्यांना. मी उद्या ससा बघतो." आणि त्याने खाली ठेवलेला वाटा उचलून खायला सुरुवात केली.

दाबे हसला नव्हता. तो उठून आपल्या झोपडीत गेला आणि परत येऊन काओच्या मागे उभा राहिला. त्याच्या हातात नवा, सरळ, पातं नीट घासलेला बाण होता. त्याने तो झाडाला टांगलेल्या काओच्या रिकाम्या भात्यात टाकला.

"बायकोच्या बाणाने असलंच मिळणार," तो गुरकावला. "हा माझा ने. आणि जरा चरबीचं काहीतरी आण, मामा. वाटे मला घालायचेत, माझी अब्रू जाईल."

काओने वळून पाहिलं नाही. बोटांवरची चरबी तो चाटत राहिला.

"बघू," तो म्हणाला. "बारकंसं काही मिळालं तर."